कडबाच खाल्ला, साहेब

"काल काय खाल्लं हिनं?"

"कडबाच की, सायेब. गाय दुसरं काय खाणार?"

असं म्हणून दिगंबरनं नुकतंच भादरलेलं डोकं खाजवलं. गोठ्यासमोर सात-आठ माणसं उभी होती. त्यातलं कुणीतरी खोकलं. दिगंबरची बायको सुमन दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होती. आणि त्यांची पवळी, लाल कंधारी जातीची पोवळ्याच्या रंगाची गाय, मान कुशीवर टाकून जमिनीवर पडली होती.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. राहायला नांदेडला, नोकरी नायगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात. आमचा पेशंट बोलत नाही, हे वाक्य आम्ही लोकांना हसवायला वापरतो. खरी अडचण वेगळीच आहे. पेशंटच्या वतीनं जो माणूस बोलतो, त्याला स्वतःचंही काही सांगायचं असतं, किंवा सांगायचं नसतं. जनावरानं काय खाल्लं, कधी व्यालं, शेण कसं टाकलं, या माहितीला आम्ही हिस्ट्री म्हणतो. निम्मं निदान हिस्ट्रीतच होतं. उरलेलं निम्मं स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि नाक यांच्या भरवशावर.

त्या सकाळी माझं नाक मला काहीतरी सांगत होतं. मी ऐकलं नाही.

दिगंबरची आई वारली होती. आदल्या दिवशी तेरवी झाली होती. अंगणात तीन दगडांची मोठी चुलाणं अजून तशीच होती, पातेली पालथी घातली होती. पवळी म्हातारीची गाय. पवळीची आई वितानाच मेली, तेव्हा म्हातारीनं हिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं.

"सासूबाई सकाळी उठल्या की आधी हिच्याशी बोलायच्या, मंग माझ्याशी," सुमन म्हणाली. "त्या गेल्या. आता हीबी गेली तर ह्या घरात त्यांचं काय राहिलं, सांगा."

दिगंबर इंजेक्शनच्या पेटीकडे बघत होता. ती नजर मला ओळखीची होती. काही महिन्यांपूर्वी मीही नांदेडच्या एका दवाखान्यात सलाईनच्या बाटलीकडे तसाच बघत बसलो होतो. माझी पत्नी सुनंदा तिथंच वारली.

पवळी नुकतीच व्यालेली होती. कान गार. नाकपुडी कोरडी. टेंपरेचर नॉर्मलपेक्षा थोडं कमी. नुकतीच व्यालेली गाय अशी मान कुशीवर टाकून पडली की डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव येतं मिल्क फीवरचं. नाव फसवं आहे. यात ताप येत नाही, उलट अंग गार पडतं. गाय व्याली की कासेत एकदम दूध उतरतं आणि दुधाबरोबर रक्तातलं कॅल्शियम भराभर निघून जातं. शरीर हाडांतून नवं कॅल्शियम काढायला लागतं, पण त्या यंत्रणेला जागं व्हायला दीडएक दिवस लागतो. तेवढ्या दिवसात स्नायू ढिले पडतात आणि गाय बसते ती उठत नाही. शिरेतून कॅल्शियम दिलं की पुष्कळदा तासाभरात उठते. आमच्या धंद्यात चमत्कार वाटावा असं जे थोडंफार आहे, त्यातलं हे एक.

दोन गोष्टी या निदानात बसत नव्हत्या. एक म्हणजे लाल कंधारी गाईला हा आजार क्वचित होतो. ती बेताचं दूध देते, तिच्या रक्तावर एवढा ताण येत नाही. दुसरी गोष्ट वास. गोठ्यात आंबूस वास होता. मी तो पालथ्या पातेल्यांचा मानला.

तेव्हा मी दिगंबरला पुन्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तो मातीला जाऊन आलेला माणूस होता. सुनंदा गेल्यावर माझ्या घरी जो येई तो विचारी. कसं झालं? आदल्या दिवशी काय खाल्लं होतं? आधी लक्षात आलं नाही का? प्रत्येक प्रश्नागणिक मी एक पायरी खाली उतरत असे. तेव्हा ठरवलं होतं की दुःखाच्या घरी आपण प्रश्न विचारायचे नाहीत. माणूस म्हणून ते ठीक असेल. डॉक्टरला ते परवडत नाही.

मी कॅल्शियमची बाटली लावली. सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. बाटली संपता संपता पवळीनं मान सरळ केली आणि एक कान हलवला.

"बघा, सुईनं काम केलं," शेजारचा म्हातारा पोशट्टी म्हणाला. माणसं एकमेकांकडे बघून माना हलवायला लागली.

मलाही बरं वाटलं. "संध्याकाळपर्यंत उठेल," असं सांगून मी निघालो. पुढे कळलं त्यावरून सांगतो, पवळीच्या रक्तात कॅल्शियम थोडं कमी होतंच. खऱ्या आजारातही ते उतरतं. म्हणून कान हलला. चुकीचं औषध अगदीच निकामी असतं तर बरं झालं असतं. ते थोडं लागू पडलं आणि आमचा दिवस खाल्ला.

दुपारी दवाखान्यात लातूरहून मुलीचा फोन आला. प्रज्ञा तिथं नोकरी करते.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"भाजी-भाकरी."

डबा समोर बंद होता. संध्याकाळी तो मी दवाखान्यामागच्या कुत्रीला घालत असे. ती कुत्री त्या महिन्यात चांगली गुबगुबीत झाली होती. फोन ठेवतो तोच दुसरा आला. सुमनचा होता. आवाज दबका.

"सायेब, गाय पातळ हागून राहिली. दात खाऊन राहिली. तुमी या. आता माणसं न्हाईत हितं."

शेवटचं वाक्य तिनं का जोडलं, ते मला मोटारसायकलवर बसल्यावर कळलं.

पवळीचे डोळे आत गेले होते. डाव्या कुशीवर मूठ दाबली की आत पाणी हिंदकळत होतं, भरलेल्या पखालीसारखं. शेण पातळ, राखाडी, फेसाळ. आता पातेल्यांवर ढकलायला जागा नव्हती. आंबूस वास गाईच्याच पोटातून येत होता.

मी दिगंबरला गोठ्यामागं नेलं.

"दिगंबर, कडब्याला असा वास येत नाही."

तो भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिला.

"भात होता का?"

"भात," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "बुंदीबी. पुऱ्या. वरण न्हाई दिलं."

वरण दिलं नाही, हे त्यानं अशा सुरात सांगितलं की जणू तेवढ्यात त्यानं काळजी घेतली होती.

"किती?"

"लई."

"कशाला दिलंस, बाबा?"

तेव्हा ते सगळं बाहेर आलं. दिगंबरचा थोरला भाऊ बालाजी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. वाटण्या झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. आई दिगंबरकडे असायची. ती गेल्यावर थोरला म्हणाला, अग्नी मी दिला, तेरवी माझ्या दारात होणार. धाकटा म्हणाला, आई माझ्या दारात गेली, तेरवी इथंच होणार. मध्यस्थी करायला गेलेल्यांनाही दोघांनी शिव्या घातल्या. शेवटी दोघांनी घातली. एकाच आईच्या दोन तेरव्या, एकाच दिवशी, एकाच गल्लीत, आणि दोघांनीही अख्ख्या गावाला आवतन दिलं.

"अन् गाव त्याच्याकडं गेलं," दिगंबर म्हणाला. "माझ्या दारात दोन पाव्हणे अन् आचारी. पत्रावळ्या मांडून ठिवल्या होत्या, सायेब. वाऱ्यानं उडून गेल्या. सुमन गोळा करत फिरली. कुणीबी न्हाई आलं. आईच्या नावाचं जेवण, अन् कुणीबी न्हाई."

"मग उरलेलं टाकून द्यायचं की."

"कुठं टाकू? उकिरड्यावर टाकलं की सकाळी गाव शितं मोजतंय. वढ्यात टाकलं की कावळे वरडून सांगतेत. गायीच्या पोटात कोण बघतंय?" तो थांबला. "अन् गायीला घातलं की वाया जात न्हाई म्हणतेत ना. मला वाटलं, आईचीच गाय हाय. तिनं खाल्लं म्हंजी आईनंच खाल्लं."

सकाळी गोठ्यासमोर उभी असलेली सात-आठ माणसं मला आठवली. जेवायला न आलेली माणसं गाय बघायला आली होती. त्यांच्यासमोर मी त्याला विचारलं होतं, काल काय खाल्लं. कडबा सोडून तो दुसरं काय सांगणार होता?

आता गाईच्या पोटाबद्दल थोडं सांगायला हवं.

गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठा हौद. त्याला रुमेन म्हणतात. चारा पचवण्याचं काम तिथं गाय स्वतः करत नाही. त्या हौदात राहणारे असंख्य सूक्ष्मजीव करतात. कडबा खाणाऱ्या गाईत कडबा फोडणारे जीव वाढतात, दाणा खाणारीत दाण्यावर जगणारे. चारा बदलायचा असेल तर तो हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत बदलावा लागतो. तेवढ्या काळात जुनी वस्ती कमी होते, नवी वाढते, कप्प्याचं अस्तरसुद्धा बदलतं. शरीर जुळवून घेतं. त्याला मुदत लागते, एवढंच.

आणखी एक सोय आहे. कडबा राठ असतो. तो पुन्हा पुन्हा तोंडात आणून चावावा लागतो, यालाच रवंथ म्हणतात. चावताना घागरीच्या घागरी लाळ पोटात जाते आणि लाळेत नैसर्गिक सोडा असतो. पोटातली आंबट धार तो मोडतो. भात चावावा लागत नाही. लाळ सुटत नाही. भात आणि साखर एकदम आत गेली की आम्ल तयार करणारे जीव बेसुमार वाढतात, कडब्यावर जगणारे मरतात, आणि हौद आंबतो. ते आम्ल पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी पोटात ओढतं. पोट पखालीसारखं भरतं आणि गाय आतून सुकते. आम्ल रक्तात शिरलं की ती जोरजोरात श्वास घेऊन ते बाहेर टाकायला बघते. शरीर शेवटपर्यंत काही ना काही जुळवत राहतं. आम्ही ज्यांना लक्षणं म्हणतो, त्यातली निम्मी ही जुळवाजुळवच असते.

लाल कंधारी तर या कामात तरबेज. आपल्याकडच्या मुरमाड रानावर, उन्हात, वाळल्या कडब्यावर पिढ्यान्‌पिढ्या काढलेली ही जात. चारा कमी झाला की ती तो पोटात जास्त वेळ ठेवते, शेवटचा कणही पिळून घेते. ऊन वाढलं की कमी खाते, श्वास वाढवते, सैल कातडीतून घाम काढते. टंचाई तिला पाठ आहे. पातेलंभर भात तिच्या अभ्यासक्रमात नव्हता.

तोंड उघडं राहावं म्हणून मी आडणा घातला आणि पोटात नळी सोडली. पाठोपाठ भात आला, केशरी बुंदी आली, आणि असा वास की दिगंबर तोंड फिरवून उभा राहिला. तेरवीच्याच चुलाणावर सुमननं पाणी कोमट केलं. तेरवीच्याच पातेल्यातून ते नळीवाटे आत घालायचं, बाहेर काढायचं, असं करत राहिलो. मग खायचा सोडा पाण्यात कालवून पोटात. शिरेतून सलाईन.

तरी एक गोष्ट उरत होती. पोट धुतल्यावर त्या हौदात जिवंत वस्ती फारशी राहत नाही. ती दुसरीकडून आणावी लागते. निरोगी, कडबा खाणाऱ्या जनावराच्या पोटातलं पाणी नळीनं काढून आजारी जनावराला पाजायचं. जुनी माणसं रवंथ करणाऱ्या गाईच्या तोंडातला घास काढून चारायची, तेच हे.

"बैलांचं घेऊ?" मी विचारलं.

दिगंबरनं मान खाली घातली. बैलांनाही दिला होता. कमी दिला होता म्हणून ते उभे होते.

"पवळीची कालवड वाटणीत थोरल्याकडे गेली ना? आता गाय झाली असेल."

"तिचं नका घेऊ. पवळी मेली तरी चालंल. त्याच्या दारात मी जात न्हाई. मला हसंल तो."

"तुमाला कोण जा म्हणलं?" सुमन ताडकन बोलली. "मेली तरी चालंल म्हणं! सायेब जातील."

बालाजी ओट्यावर बसला होता. त्याचंही डोकं तसंच भादरलेलं. भावाभावांत चेहरा तोच होता, फक्त याचा सुजल्यासारखा वाटत होता.

मी काम सांगितलं. धाकट्याकडची पवळी आजारी आहे, तुमच्या गाईच्या पोटातलं थोडं पाणी हवं, गाईला काही होत नाही.

"कशानं आजारी?"

आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. खरं सांगितलं तर दिगंबरवर तेरवीचं जेवण गाईला घालायची वेळ आली, हे मीच याला सांगणार.

"कडबा बाधला," मी म्हणालो.

"कडबा? डॉक्टर हाव ना तुमी?"

मला चेहऱ्यावर ऊन लागल्यासारखं झालं.

"आमच्या गायीचं नका घेऊ," बालाजी म्हणाला आणि उठून आत जायला लागला.

मी भडकलो. सहसा भडकत नाही. "बालाजीराव, ती तुमच्या आईची गाय आहे. भावाशी काय भांडायचं ते भांडा, तिचा जीव कशाला घेता?"

तो दारातच थांबला. पाठ माझ्याकडे. "मी कामून घेऊ तिचा जीव?" एवढंच म्हणाला. आवाज फाटला होता.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक त्याच्या गोठ्यावरून माझ्याकडे आली. तोच आंबूस वास.

मी न विचारता गोठ्यात शिरलो. पवळीची लेक मान खाली घालून उभी होती. पुढ्यातला चारा तसाच. रवंथ बंद. शेण पातळ. आजार हलका होता, पण होता तोच.

"हिनं काय खाल्लं?"

"कडबा," बालाजी मागून म्हणाला.

या वेळी मी दुसऱ्यांदा विचारलं. दाराकडे बघून, हळू आवाजात. "बालाजीराव, किती पातेली उरली?"

तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "समदीच."

"तुमच्याकडेही कोणी आलं नाही?"

"समदे त्याच्याकडं गेले की. आई त्याच्याकडं होती ना. मी दिवसभर हितं ओट्यावर बसून त्याच्या चुलाणाचा धूर बघत होतो. म्हणलं, उठत असंल पंगतीवर पंगत."

 गल्लीच्या एका टोकाला एक भाऊ, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघांनाही वाटत होतं, गाव त्याच्याकडे जेवतंय. आणि संध्याकाळी दोघांनीही गोठ्याचं दार आतून लावून आईच्या नावाचा भात आईच्या गाईंना चारला होता.

गाव कुठं होतं, ते पोशट्टीनं सांगितलं. त्याचं घर गल्लीच्या मधोमध. त्याच्याकडे निरोगी म्हैस आहे म्हणून मी गेलो होतो.

"दोघांचं आवतन होतं, सायेब," तो म्हणाला. "ह्याच्याकडं जावं तर तो डोळ्यात धरंल, त्याच्याकडं जावं तर हा. मी म्हणलं, आपलं घरीच बरं. भाकर खाल्ली अन् झोपलो. मला काय ठावं, समदं गाव तसंच झोपलं म्हणून?" मग म्हशीचं दावं सोडता सोडता तो स्वतःशीच म्हणाला, "म्हातारीनं माझ्या पोराच्या लग्नात दोन दिस भाकरी थापल्या होत्या. येक घास खायला पायजे होता. कुठंबी."

माझ्याकडे पंप एक, नळी एक. म्हैस एक. दोन गोठ्यांत पळत बसण्यात अर्थ नव्हता. मी बालाजीला सांगितलं, गाय घेऊन धाकट्याच्या अंगणात ये. तो दावं धरून निघाला. दिगंबरनं त्याला दारातून आत येताना पाहिलं. मग गाईचं पातळ शेण पाहिलं. वास त्यालाही आला असणार, कारण त्यानं एकदम थोरल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तितक्याच झटकन नजर काढून घेतली. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही.

दोन भादरलेली डोकी पवळीच्या दोन बाजूंना बसली.

"डोकं वर धर की."

"धरलंय."

"ह्याला धरणं म्हणतेत व्हय? नळी वाकून राहिली."

"तू तुझ्याकडचं बघ."

वाटण्या झाल्यापासून त्यांचं हे पहिलं बोलणं असावं. फार गोड होतं असं म्हणवत नाही. सुमननं म्हशीच्या पोटातलं हिरवट पाणी फडक्यातून गाळून दिलं, मी ते आधी पवळीला आणि मग तिच्या लेकीला पाजलं. दिवस मावळायला आला होता. काम संपल्यावर बालाजी उठला. सुमननं चहा पुढं केला. त्यानं तो उभ्यानंच घेतला, पण घेतला. मग गाय घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनचा फोन आला. "सायेब, पवळी उठली. तोंड हालवून राहिली." तोंड हलवते म्हणजे रवंथ करते. आमच्या कानाला यापेक्षा चांगला शब्द नाही.

पवळी वाचली. तिचं त्या वेताचं दूध मात्र आटलं. वासराला पोशट्टीच्या म्हशीचं दूध पाजून वाढवावं लागलं. पोशट्टी ते रोज स्वतः घेऊन यायचा आणि दारातच ठेवून जायचा.

त्या सकाळी मी पुन्हा विचारलं असतं तर पवळीचा तो दिवस आणि दूध, दोन्ही वाचलं असतं. हे मी दिगंबरला सांगितलं. तो म्हणाला, "विचारलं असतं तरी म्या कडबाच म्हणलं असतं, सायेब." तो मला सांभाळून घेत होता हे कळत होतं. त्यानं जास्तच लाज वाटली. त्या दिवसापासून मी हिस्ट्री चारचौघांत घेत नाही. मालकाला गोठ्यामागं नेतो. आणि पहिलं उत्तर कडबा असेल तर दुसऱ्यांदा विचारतो.

त्याच आठवड्यात प्रज्ञानं फोनवर विचारलं, "जेवलात?" मी जेवलो म्हणालो. नेहमीसारखं फोन ठेवायच्या ऐवजी ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, खरं सांगा." मी नाही जेवलो म्हणून सांगितलं. तिकडं ती रडली. मी डबा उघडला. निम्मी भाकरी गेली. एवढ्या दिवसांनी एकदम पूर्ण जाणार नव्हतीच.

पावसाळ्याआधी घटसर्पाच्या लसीकरणाला आम्ही त्या गावी गेलो. मारुतीच्या पारासमोर जनावरांची रांग लागली. रांगेत पुढं दिगंबर पवळीला घेऊन उभा होता. मागं दोन-चार जनावरं सोडून बालाजी, तिच्या लेकीला घेऊन. दोघांच्याही डोक्यावर केस आले होते. बोलत नव्हते. पण रांग सरकली की एकजण मागं वळून दुसऱ्याची गाय सरकली का ते बघत होता.

जनावराच्या खुरावर एक गोष्ट दिसते. शरीरावर मोठा ताण आला की खुराची वाढ काही दिवस थांबते आणि मग पुन्हा सुरू होते. थांबल्याची खूण म्हणून तिथं आडवी खाच पडते. शिंगावर वेताच्या रेघा पडतात, तोच प्रकार. गाय सावरली, दूध देऊ लागली, मालक विसरला, तरी ती खाच राहते.

पोशट्टी पारावर बसून बघत होता. म्हातारा बारीक नजरेचा.

"सायेब," तो मोठ्यानं म्हणाला, "ह्या मायलेकीच्या खुरावर येकाच उंचीला वळ कसा वो?"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं. मागून बालाजीनंही.

"कडबा बाधला होता," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. पोशट्टीनं मान खाली घातली. तसं सगळ्या रांगेनंच घातली म्हटलं तरी चालेल.

मग बालाजीनं पुढं येऊन हळूच विचारलं, "हा वळ जात न्हाई का, सायेब? तासून काढता यील?"

मी त्याला सांगितलं ते आमच्या पुस्तकातलंच आहे. खूर वाढतं तसा वळ खाली खाली सरकतो. वर्ष-दीड वर्षानं टोकाला येतो आणि छाटणीत आपोआप निघून जातो. घाई करून तासला तर जनावर लंगडतं.